उद्यानांचे गुण

आमच्या वस्तीत एक नगरोद्यान आहे. लहानसेच; चार गुलमोहर, एक पिंपळ, मुलांसाठी दोन झोके व एक घसरगुंडी, सभोवती फिरावयास फरसबंद वाट, आणि वृद्ध मंडळींनी परस्परांच्या प्रकृतीची विचारपूस करावी म्हणून मांडलेली सहा-सात बाके. गेल्या हिवाळ्यात एके सायंकाळी तेथे एक तरुण गृहस्थ हाती टॅबलेट घेऊन आले व बाकांवरील प्रत्येकास काही प्रश्न विचारू लागले. उद्यान स्वच्छ असते काय? दिवे वेळेवर लागतात काय? येथे सुरक्षित वाटते काय? आणि अखेरीस, एक ते पाच ह्या अंकांत सांगावयाचे तर आपण किती समाधानी आहात? आमची पाळी आली तेव्हा आम्हीही फारसा विचार न करता 'चार' असे सांगून मोकळे झालो. शेजारच्या आजोबांनी पाच सांगितले. त्यांचा स्वभावच तसा आहे. गृहस्थ आभार मानून गेले, आणि एक नागरिक-कर्तव्य पार पडल्याच्या आनंदात आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास काही कामानिमित्त त्याच वाटेने जात असता उद्यानाच्या फाटकाशी एक बाई उभ्या असलेल्या दिसल्या. कडेवर मूल, हाती डबा. आसपासच्या तीन-चार घरी धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या; सकाळची कामे आटोपल्यापासून संध्याकाळची सुरू होईपर्यंतचे दोन-तीन तास तेवढे त्यांचे स्वतःचे. फाटकाला कुलूप होते. "आत बसू देत नाहीत का हो?" असे आम्ही विचारले. "दुपारचं बंदच असतं, दादा," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जेवढी सावली होती तेवढीत मुलाला बसवून त्यांनी डबा उघडला. आदल्या सायंकाळचा आमचा 'चार' त्या क्षणी आम्हांस आठवला, व तो उच्चारल्याची थोडी लाज वाटली. प्रश्न विचारणारा उद्यानाच्या आत होता म्हणून त्याने आतल्यांनाच विचारले. ह्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. परंतु ज्या माणसास त्या पिंपळाच्या सावलीची खरी गरज होती, त्याचे मत त्याच्या कोष्टकात कोठेच उतरणार नव्हते.

एवढ्याशा गोष्टीवरून विचाराचा डोलारा उभारावा काय, असे कोणी म्हणेल. परंतु नगरांच्या उद्यानांचे व क्रीडांगणांचे मोजमाप करणे हे गेल्या काही दशकांत पाश्चात्य देशांत एक स्वतंत्र शास्त्रच बनले आहे, आणि त्याचे वारे आपल्याकडेही वाहू लागले आहे. किती एकर, किती झाडे, दर माणशी किती खर्च, घरापासून किती मिनिटांवर, दर तासास किती माणसे, ह्या सर्वांची कोष्टके होतात. कोष्टकांवरून शहरांस क्रमांक मिळतात. आणि त्या क्रमांकांकडे पाहून पुढील वर्षी पैसा कोठे जावयाचा ते ठरते. तेव्हा विरंगुळा मोजता येतो काय, आणि येत असल्यास तो कोठे उभे राहून मोजावयाचा, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

आमचे एक रसिक स्नेही आहेत. त्यांस ही मोजदादच मुळी ओंगळ वाटते. प्राजक्ताच्या सड्याचे वजन विचारणाऱ्यास प्राजक्त कळलेला नसतो, असे ते म्हणतात. आणि उद्यानात गेलेल्या मनुष्यास जे मिळते, म्हणजे क्षणभराची निष्क्रियता, पानांतून गळणारे ऊन, अनोळखी माणसांत ओळखीविना बसण्याचे सुख, ते कोणत्याही मापात मावत नाही, हा त्यांचा सिद्धान्त आहे. सिद्धान्त खरा आहे. पण आमच्या ह्या स्नेह्यांच्या घरामागे त्यांच्या स्वतःच्या मालकीची बाग आहे, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्याच्या घरी विहीर आहे तो गावच्या नळाला किती वेळ पाणी येते ह्याची नोंद ठेवणे क्षुद्रपणाचे मानू शकतो. नळावर रांगेत उभा राहणारा मानू शकत नाही. ताप मोजणारी नळी आईची काळजी मोजीत नाही, म्हणून ती कोणी फेकून देत नाही. न मोजलेली उपेक्षा ही नेहमी दुबळ्यांच्याच वाट्यास येते, कारण सबळांची तक्रार मोजमापाशिवायही ऐकू जाते.

ह्याचे मोठे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क. ह्या शहराच्या उद्यानखात्याचे आयुक्तपद रॉबर्ट मोझेस ह्यांनी १९३४ पासून १९६० पर्यंत सांभाळले, आणि त्या काळात शेकडो क्रीडांगणे उभी केली. एकूण आकडा पाहिला तर डोळे दिपतात. पुढे १९७४ साली रॉबर्ट कारो ह्यांनी मोझेस ह्यांचे प्रचंड चरित्र प्रसिद्ध केले व त्यात असा आरोप केला की, १९३० नंतरच्या दशकात बांधलेल्या २५५ क्रीडांगणांपैकी कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीच्या वाट्यास केवळ एक आले. नंतरच्या अभ्यासकांनी हा हिशेब बरोबर नाही असे म्हणून त्यावर वाद घातला आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, आरोप करणाऱ्यास आणि उत्तर देणाऱ्यास, दोघांसही अखेर नकाशा व मोजणी हीच हाती घ्यावी लागली. 'हार्लेमवर अन्याय झाला अशी भावना आहे' एवढ्यावर वाद थांबला असता तर तो कधीच कोणी जिंकला नसता. म्हणजेच बलवानाने जिंकला असता.

१९७५ साली ते शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. नोकरवर्ग कमी झाला, आणि उद्यानांची अशी दैना झाली की सेंट्रल पार्कातील हिरवळीची जागा उघड्या धुळीने घेतली. त्या अनुभवानंतर, १९८० नंतरच्या दशकात, तेथील उद्यानखात्याने तपासणीची एक पद्धत सुरू केली. ती वर्णन करण्यासारखी आहे. तपासनीस पूर्वसूचना न देता जातो. गेल्यावर तो आपले सर्वसाधारण मत लिहीत नाही, तर एकेक अंग स्वतंत्रपणे पाहतो: कचरा, फुटकी काच, भिंतींवरील रंगखरड, रानगवत, मग बाके, कुंपणे, फरसबंदी, खेळण्याची साधने व त्यांखालची मऊ भुई, मग झाडे, हिरवळ, पायवाटा, पाणी. प्रत्येक अंगाचे दोष छायाचित्रांसह नोंदविले जातात आणि शेवटी त्या स्थळास सर्वसाधारण स्थिती व स्वच्छता ह्या दोन्ही बाबतींत 'स्वीकार्य' अथवा 'अस्वीकार्य' असा शिक्का मिळतो. अशा सुमारे ५,००० तपासण्या वर्षाकाठी होतात आणि त्यांचा निष्कर्ष महापौरांच्या वार्षिक कारभार-अहवालात जाहीर छापला जातो. सामान्य नागरिकाने मोडक्या झोक्याविषयी अर्ज करावा, अर्ज हरवावा, पुन्हा करावा, ह्या चक्रापेक्षा ही रीत किती तरी सरस आहे. झोका मोडला आहे हे सरकारनेच सरकारविरुद्ध लिहून ठेवावे ह्यात एक प्रकारचे सौजन्यही आहे.

तरीही येथे एक अडचण उद्भवते, आणि तिचे मूळ आपल्या भाषेतच सुंदर रीतीने साठविलेले आहे. मराठीत 'गुण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. परीक्षेत मिळतात ते गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. दोन्हींस एकच शब्द असावा हा भाषेचा भोळा विश्वास की खट्याळपणा, हे आम्हांस सांगता येत नाही. पण प्रत्येक मोजमापाचा धोका त्या शब्दात आहे. मिळालेले गुण अंगच्या गुणांची खूण म्हणून सुरू होतात, आणि हळूहळू त्यांची जागा घेतात. चार्ल्स गुडहार्ट ह्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली पैशाच्या पुरवठ्याविषयी बोलताना असाच विचार मांडला होता की, जी मोजणी नियंत्रणाचे साधन बनते तिची विश्वसनीयता ढासळू लागते. त्याच्या मनात बँका होत्या. पण ज्या शाळेत निकाल वाढविण्यासाठी कच्च्या मुलांस परीक्षेला बसूच देत नाहीत त्या शाळेच्या पालकास हे अर्थशास्त्र शिकविण्याची गरज नाही.

आता हेच बाकाच्या बाबतीत पाहा. अंगवार तपासणीत बाक मोडका असेल तर गुण जातो. बाक नवा केला तर गुण परत येतो. पण बाक उचलूनच नेला तर? मोडके बाक नाही, म्हणून दोष नाही. तीच गोष्ट झोक्याची, तीच पाण्याच्या नळाची, तीच स्वच्छतागृहाची. ज्या उद्यानात काहीही नाही ते उद्यान कागदावर निर्दोष असू शकते. किंबहुना ज्या उद्यानात कोणी येत नाही तेथे कचराही होत नाही. असे सर्वत्र मुद्दाम केले जाते असा आमचा आरोप नाही. परंतु गुण वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, हे प्रत्येक कारकुनास न शिकविता कळते, आणि दुपारी फाटकास कुलूप घालणे हा त्याच घराण्यातील एक उपाय असावा असा आमचा संशय आहे.

म्हणून विल्यम व्हाइट ह्यांच्या कामाचे आम्हांस विशेष मोल वाटते. ह्या गृहस्थांनी १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कातील लहान चौक व मोकळ्या जागा ह्यांवर उंचावर कॅमेरे लावून माणसे काय करतात ते पाहिले, व १९८० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी जागा मोजली नाही. जागेचा वापर मोजला. निष्कर्षांतील एक इतका साधा होता की तो काढण्यास कॅमेरे कशाला लागावेत असे वाटावे: जेथे बसावयास जागा असते तेथे माणसे बसतात. दुसरा मात्र विचार करावयास लावणारा आहे. ज्या जागा उत्तम चालतात तेथे स्त्रियांचे प्रमाण सरासरीहून अधिक असते. स्त्रिया कमी दिसू लागल्या की काही तरी बिघडले आहे असे समजावे. तेथील ब्रायंट पार्क त्या काळी अमली पदार्थांच्या विक्रेत्यांनी व्यापले होते. उंच कुंपण व झुडपे ह्यांमुळे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे, व ज्यांस ते दिसू नये असे वाटे त्यांची ती सोय होती. व्हाइट ह्यांच्या सल्ल्याचा आधार घेऊन ते उद्यान मोकळे करण्यात आले, वाटेल तेथे उचलून नेता येतील अशा खुर्च्या ठेवण्यात आल्या, आणि १९९२ साली ते पुन्हा उघडले तेव्हा गर्दी लोटली. खुर्ची स्वतःच्या हाताने चार बोटे सरकवून बसण्यात मनुष्यास जो स्वामित्वाचा आनंद होतो तो कोणत्या रकान्यात लिहावा? पण त्या खुर्च्यांवर स्त्रिया किती बसल्या, हे लिहिता येते, आणि त्यावरून पुष्कळसे कळते.

ह्या विचाराचा पुढला टप्पा व्हिएन्ना शहराने गाठला, आणि आमच्या मते ह्या सर्व विषयातील मर्म तेथेच आहे. १९९६-९७ साली तेथील सार्वजनिक उद्यानांत येणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास करण्यात आला. लहानपणी दोघेही येत. परंतु नवव्या वर्षाच्या पुढे मुलींची संख्या झपाट्याने घटत होती. मुलांची घटत नव्हती. मुलींस कोणी हाकलून दिले नव्हते. फाटकावर तशी पाटी नव्हती. एक मोठे मोकळे मैदान, त्यात मुलांचा चेंडू, आणि जागेसाठी घासाघीस करण्याचा प्रसंग आला की मुली गुपचूप निघून जात. एकूण संख्या मोजणाऱ्यास हे कधीही कळले नसते, कारण मैदान तर भरलेलेच दिसे. १९९९ पासून शहराने दोन उद्यानांची पुनर्रचना केली: वाटा सुधारल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटन ह्यांच्या जागा केल्या, झाडझाडोरा लावून मोठ्या मैदानाचे लहान लहान भाग पाडले. मुली परत आल्या.

ह्या हकीकतीवर आम्ही बराच वेळ विचार केला. येथे मोजणाऱ्याने जे दिसत होते ते मोजून समाधान मानले नाही. जे दिसावयास हवे होते आणि दिसत नव्हते, त्याची मोजदाद केली. गैरहजेरी ही डोळ्यांस दिसणारी वस्तू नाही. ती दिसण्यासाठी आधी मनात हजेरीपट असावा लागतो. ह्या वस्तीत मुली राहतात, म्हातारे राहतात, दुपारी मोकळ्या होणाऱ्या मोलकरणी राहतात, आणि उद्यान त्यांचेही आहे, असा तो हजेरीपट. तो अंकगणितातून येत नाही. तो न्यायबुद्धीतून येतो, आणि तो आला म्हणजेच अंकगणित उपयोगी पडते. अमेरिकेतील पंचवीस शहरांतील १७४ वस्ती-उद्यानांची जी पाहणी २०१४ साली झाली व २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत असे आढळले की लोकसंख्येत सुमारे वीस टक्के असलेले वृद्ध उद्यानात मात्र चार टक्केच दिसतात, आणि पुरुष सत्तावन्न तर स्त्रिया त्रेचाळीस टक्के. जेथे उद्यानाभोवती फेरी मारण्याची सलग वाट होती तेथे येणारे सुमारे ऐंशी टक्क्यांनी अधिक होते, आणि वृद्धांची संख्या तर दुपटीच्या घरात होती. एक साधी वाट! आमच्या आजोबांचे पाच गुण बहुधा त्या वाटेलाच असावेत.

आता आपल्या मुंबईकडे वळू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन-मार्गदर्शिकेने शहरांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सुचविले आहे. मुंबईच्या विकास आराखड्याच्या चर्चेत जे आकडे पुढे आले ते दरडोई एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास घोटाळतात. एक चौरस मीटर म्हणजे काय हे वाचकांनी घरी जमिनीवर आखून पाहावे. मांडी घालून बसता येते. पाय पसरता येत नाहीत. हा आकडा जाहीर झाला नसता तर मुंबईकरास आपल्या अडचणीचे नेमके माप कधी कळले नसते, आणि म्हणून तो मोजणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहो. पण त्या एका चौरस मीटरातही काय काय धरले आहे हे विचारल्यावाचून राहवत नाही. समुद्रकिनाऱ्यालगतच्या जिमखान्यांची मैदाने मोकळी जागाच आहेत, पण ती सभासदांची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे आहे. ते हिशेबात धरले की सरासरी एकदम गुबगुबीत होते, आणि धारावीतील मुलाच्या वाट्यास कागदोपत्री बिबट्याच्या जंगलाचा एक तुकडा येतो. सरासरी ही अशी दानशूर आहे. ती कोणाचेही कोणालाही देते.

आणि जे हिशेबात येत नाही तेही मुंबईतच पाहावे. दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली माहीम पार्क ह्या नावाने खुले झाले. १९२७ साली त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. क्षेत्र सुमारे २८ एकर. कोष्टकात ते एवढेच आहे. परंतु ज्याने एक तरी सायंकाळ तेथे घालविली आहे त्यास ठाऊक आहे की ह्या मैदानाचा प्राण मैदानाभोवतीच्या कट्ट्यात आहे. मैदानात क्रिकेट खेळणारे खेळतात. कट्ट्यावर निवृत्त मास्तर, परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी, लग्न जमण्याच्या बेतात असलेली व मोडण्याच्या बेतात असलेली माणसे, एका रांगेत, एकमेकांस अडचण न करता बसतात. त्यास तिकीट नाही, खाद्यपदार्थ मागविण्याची सक्ती नाही, आणि मुख्य म्हणजे कुलूप नाही. व्हाइट ह्यांस न्यूयॉर्कात कॅमेरे लावून जे सापडले ते दादरकरांच्या बुडाखाली कितीतरी वर्षे होते. क्षेत्रफळात ह्या कट्ट्याचे मोल जवळजवळ शून्य आहे.

क्षेत्रफळ फसवे कसे असते ह्याचा जेन जेकब्स ह्यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात दिलेला दाखला ह्या संदर्भात नेहमी आठवतो. फिलाडेल्फिया शहराच्या १६८२ च्या मूळ आखणीतच चार चौकोनी उद्याने होती. वय सारखे, आकार जवळजवळ सारखा, शहराच्या मध्यापासूनचे अंतरही सारखे. जेकब्स ह्यांच्या काळी त्यांतील एक गजबजलेले व सर्वांचे लाडके होते, एक निराधारांचा आसरा झाले होते, एक बदनाम होते, आणि एक वाहनांच्या प्रवाहातील बेट होऊन बसले होते. चौघांचे गुण एकरांत सारखे, दैव निराळे. कारण उद्यानाचे दैव त्याच्या कुंपणाच्या आत नसून बाहेर, भोवतालच्या घरांत, दुकानांत, लोकांच्या कामाच्या वेळांत असते. आणि म्हणूनच, २०१७ साली सॅन फ्रान्सिस्को हे सर्व रहिवाशांच्या घरापासून दहा मिनिटांच्या पायी अंतरावर उद्यान असलेले अमेरिकेतील पहिले मोठे शहर ठरले तेव्हा त्याचे अभिनंदन करावयाचे, पण 'शंभर टक्के' हा शब्द ऐकून पेन खाली ठेवावयाचे नाही. आमच्या त्या बाई उद्यानापासून दहा मिनिटांवर नव्हत्या. दहा पावलांवर होत्या.

येथवर आम्ही मोजणाऱ्यांची बाजू बहुतेक मान्य केली आहे. एक गोष्ट मात्र मान्य करवत नाही. अलीकडे माणसांच्या खिशातील मोबाइलच्या ठावठिकाण्यावरून कोणते उद्यान किती वापरले गेले ह्याचे अंदाज काढले जातात. ह्यात ज्यांच्याजवळ फोन नाही, म्हणजे लहान मुले, पुष्कळसे वृद्ध व अतिगरीब, ते पुन्हा गळतात, हा एक दोष झाला. पण आमची हरकत अधिक खोल आहे. मनुष्य दिवसभर कोठे ना कोठे हिशेबात असतो. कचेरीत त्याची हजेरी, बाजारात त्याचा खर्च, घरी त्याची कर्तव्ये. उद्यानात तो अशासाठी जातो की घटकाभर आपण कोणाच्याही वहीत नाही असे त्यास वाटावे. त्याच्या विरंगुळ्याची किंमत ठरविण्याकरिता त्याच्या मागे वही घेऊन लागणे म्हणजे झोप चांगली लागली काय हे विचारण्यासाठी माणसास हलवून उठविणे होय. मोजावयाचे तर जागा मोजा, वेळा मोजा, बाके मोजा, बाकांवरील माणसे उभे राहून बोटांवर मोजा. ती कोण, कोठून आली, किती वाजता परत गेली, हे राहू द्या.

मोजणीचा एक निराळाच प्रकार मराठी संस्थानात घडून गेला आहे, त्याचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार, जे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते त्यापूर्वी इंदूरच्या होळकर दरबारासाठी काम करीत होते. त्यांचा अहवाल १९१८ चा आहे. शहरात प्लेगची दहशत होती. त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी की, गेडिस ह्यांनी दिवाळीची एक भव्य मिरवणूक योजिली आणि असे जाहीर केले की, ज्या मार्गावरील घरे व रस्ते लोकांनी सर्वांत चांगले झाडून रंगवून ठेवले असतील त्या मार्गाने ती जाईल. गल्लीगल्लीत चढाओढ लागली, आणि मिरवणुकीत झाडूवाल्यांस शुभ्र पोशाख व हार घालून मानाने चालविण्यात आले. ह्यातही परीक्षा होती, गुण होते, क्रमांक होता. पण परीक्षक व परीक्षार्थी एकाच रस्त्यावर चालत होते, आणि निकाल कोणा वरिष्ठाच्या टेबलावर न जाता दारावरून वाजतगाजत गेला.

आमच्या वस्तीतील उद्यानाचे पुढे काय झाले, हे सांगणे उरले. आम्ही एक कागद घेतला व एका शनिवारी दुपारी बारापासून साडेतीनपर्यंत त्या दुकानाच्या पायरीवर बसलो. फाटकाशी येऊन, कुलूप पाहून जो परत जाईल त्याच्या नावे एक रेघ. नाव अर्थात विचारले नाही. टपाल वाटणारा एक, शाळेतून लवकर सुटलेली चार मुले, रिक्षा उभी करून आलेला चालक, दोन कॉलेजच्या मुली, त्या बाई, आणि त्यांच्यासारख्याच आणखी काही. कागद भरून गेला असे नाही. पण कोराही राहिला नाही. तो घेऊन आम्ही संबंधित कचेरीत गेलो. तेथील कारकून वागण्यास सज्जन होते. त्यांनी कागद नीट पाहिला, मग संगणकावर उद्यानाचा तक्ता उघडून दाखविला: स्वच्छता उत्तम, दिवे उत्तम, नागरिकांचे समाधान चारहून अधिक. "हे कुठं भरू, साहेब?" त्यांनी विचारले. "आत आलेल्यांसाठी रकाना आहे. न आलेल्यांसाठी नाही." मग थोडा विचार करून त्यांनी तक्त्याच्या तळाशी 'शेरा' म्हणून जी एक अरुंद जागा होती तीत 'दुपारी उघडावे, मागणी आहे' असे लिहिले, आणि त्यापुढे कंसात रेघांची संख्या घातली.

कुलूप अद्याप आहे. येत्या शनिवारी आम्ही पुन्हा पायरीवर बसणार आहो. ह्या वेळी शेजारचे आजोबाही येतो म्हणाले आहेत.